डाव्या बाजूचे पांढरे टायर

तात्या ढोकीकरांनी जन्मात एकदाच फुशारकी मारली, आणि ती मारून झाल्यावर लग्नाच्या दिवसापर्यंत, एक रात्र सोडली तर, त्यांना धड झोप लागली नाही.

तसा हा माणूस फुशारकीचा नव्हे. भूमला कचेरीत हेडक्लार्क. 'बघू', 'कळवतो' आणि 'वर पाठवलंय' एवढ्या भांडवलावर त्यांनी निजामाचं राज्य काढलं, मग हैदराबादचं काढलं, आणि आता जिल्हा मुंबई राज्यात गेला तरी तेवढ्यावरच भागत होतं. त्यांनी कुणाला 'होतंय' म्हणून शब्द दिला, असं कुठल्याही फायलीत सापडायचं नाही. असा माणूस पोरीच्या लग्नाच्या बैठकीत भर चारचौघांत बोलून गेला, त्याला कारण आत्याबाई.

प्रमोदिनी ही तात्यांची एकुलती एक मुलगी. तुळजापूरच्या आण्णासाहेब मास्तरांच्या मुलाशी तिचं जमत आलं होतं. आण्णासाहेब सबंध बैठकीत 'बरं' याखेरीज काही बोलले नव्हते. त्यांच्या वतीनं बोलत होत्या त्यांच्या थोरल्या भगिनी, ज्यांना निम्मं तुळजापूर आत्याबाई म्हणतं आणि उरलेलं निम्मं त्यांच्यासमोर येतच नाही. मानपान ठरलं, आहेर ठरले, जेवणावळीत बुंदी की जिलबी तेही ठरलं. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. तेवढ्यात आत्याबाईंनी घरावरच्या पत्र्याकडं, ओसरीकडं आणि शेवटी तात्यांच्या कोटाच्या कोपराकडं सावकाश पाहिलं, आणि अगदी मायेनं म्हणाल्या,

"परण्याचं काही मनाला लावून घेऊ नका हो. कारकुनाघरचं लग्न. नवरदेव टांग्यातनं मारुतीला गेला तरी आम्ही काही म्हणायचो नाही."

लग्न लागायच्या आधी नवरदेवाला वाजतगाजत गावच्या मारुतीला नेऊन आणायचं, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. घोडा असला तर घोडा, नसला तर टांगा, यात कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. आत्याबाईंनी खवचटपणे म्हटलं असतं तर तात्यांनी कचेरीतल्यासारखं ऐकून सोडून दिलं असतं. पण त्या मायेनं म्हणाल्या. आणि दाराआड पोह्यांच्या बशा घेऊन उभी असलेली प्रमोदिनी तात्यांना दिसत होती. ती बशांकडं बघत होती. तात्यांच्या मनात आलं की ही पोर आता जन्मभर त्या घरात अशीच खाली बघत वावरणार. आणि त्यांनी तोंड उघडलं.

"आत्याबाई, परण्या मोटारीतनं निघंल," तात्या म्हणाले. एवढ्यावर थांबायला हवं होतं. ते थांबले नाहीत. "पांढऱ्या पट्ट्याच्या टायरच्या मोटारीतनं."

हे पांढरे टायर कुठून आले, तर त्याला इतिहास आहे. निजामाच्या काळात एक बडे साहेब दौऱ्यावर आले होते. सगळी कचेरी रस्त्याच्या कडेला वाकून उभी होती. वाकलेल्या माणसाला मोटारीतला साहेब दिसत नाही, टायर दिसतो. तात्यांना तो दिसला. काळ्या टायरावर बोटभर रुंदीचा पांढराशुभ्र पट्टा, आणि तो फिरताना धुळीलासुद्धा अंतर राखून फिरत होता. ऐश्वर्य म्हणजे काय, याची तात्यांची कल्पना तिथं पक्की झाली ती झालीच.

"बरं," आण्णासाहेब म्हणाले, आणि सुपारी फुटली.

पाहुण्यांना निरोप देऊन तात्या आत आले, तेव्हा सरोजिनीबाई उरलेले पोहे झाकून ठेवत होत्या. त्यांनी नवऱ्याकडं वर न बघता विचारलं, "मोटार कुणाची?"

"बघू," तात्या म्हणाले.

तालुक्यात मोटार म्हणावी अशी एकच होती, आणि ती ईटच्या हिंमतराव पाटलांच्या गोठ्यात उभी होती. कुणा जहागीरदारानं हैदराबादकडं निघून जाताना ती बैलांच्या एका जोडीवर हिंमतरावांना देऊन टाकली होती. बैल सरस होते असं हिंमतराव अजून म्हणायचे. तात्या रविवारी ईटला गेले. मोटार शोधायला थोडा वेळ लागला, कारण तिच्यावर कडबा रचला होता. मागच्या गादीवर कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि तिनं उठायला नकार दिला.

"न्या की तात्यासाहेब," हिंमतराव म्हणाले. "तुमची लेक ती आमची लेक. भाडं न्हाय, काय न्हाय. इंजान चालू हाय, आमचा कोंडीराम बघतोय त्याच्याकडं. फकस्त टायर तेवढं तुमी घाला."

"म्हणजे आहेत ते खराब झालेत?"

"न्हाईतच की."

तात्यांनी कडबा बाजूला सारून पाहिलं. मोटार चार दगडांवर शांतपणे बसली होती.

"पांढऱ्या पट्ट्याचे होते का हो?" तात्यांनी हळूच विचारलं.

"व्हय तर. लई झ्याक व्हते. वहाणा केल्या त्यांच्या." हिंमतरावांनी अभिमानानं गोठ्यातल्या गड्यांकडं हात केला. तात्यांनी गड्यांच्या पायांकडं पाहिलं. ईटचे निम्मे गडी जहागीरदाराच्या टायरांवर चालत होते. एकाच्या टाचेला अजून पांढरी कड दिसत होती, आणि ती शेणातून मोठ्या डौलात चालली होती. तात्यांना उगीचच वाकावंसं वाटलं.

तर काम एवढंच उरलं, की चार पांढऱ्या पट्ट्याचे टायर मिळवायचे आणि ते हेडक्लार्कला परवडले पाहिजेत. तात्यांना पहिला आठवडाभर हे काम फार अवघड वाटलं नाही. याचं कारण त्यांनी अजून कुणाला विचारलं नव्हतं.

विचारलं ते शेजारच्या भाऊंना. भाऊ मुन्सफ कोर्टातून पेशकार म्हणून निवृत्त झाले होते, पण सल्ला देण्यातून निवृत्त व्हायचं असतं हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं. भाऊ उर्दूत अर्ज असा लिहायचे की वाचणाऱ्याला तो मंजूर करण्यापेक्षा चौकटीत लावावा असं वाटायचं. आता उर्दू गेली आणि भाऊंच्या हाताला काम उरलं नाही. ते त्या एका गोष्टीसाठी मुंबई राज्यावर नाराज होते.

"टायर असा बाजारात जाऊन घेता येतो होय?" भाऊ म्हणाले. "परमिट लागतं, परमिट. लढाईत नव्हतं का?"

"लढाई संपून किती वर्षं झाली, भाऊ."

"लढाई संपली. परमिट संपलं असा हुकूम बघितलाय का तुम्ही?"

इथं तात्यांच्यातला हेडक्लार्क फसला. दुसरा कुणी असता तर हसून पुढं गेला असता. पण हुकूम पाहिल्याशिवाय एखादी गोष्ट संपली असं मानायचं नाही, यावर तात्यांची सगळी नोकरी उभी होती. त्यांनी रीतसर अर्ज केला. पांढऱ्या पट्ट्याचे टायर नग चार, कारण मुलीचे लग्न, सबब परवानगी मिळावी. अर्ज वर गेला. वरच्या कचेरीत या विषयाचं टेबलच उरलं नसल्यामुळं तो प्रत्येक टेबलावर थोडा थोडा थांबला, आणि शेवटी कुणीतरी विचारी माणसानं त्यावर शेरा मारून खाली पाठवला. एके सकाळी टपाल उघडताना तो तात्यांच्याच हातात पडला. सदरहू इसमास पांढऱ्याच टायरांची गरज का आहे, याची हेडक्लार्कनं समक्ष चौकशी करून अहवाल द्यावा, असा तो शेरा होता.

तात्यांनी प्रामाणिकपणे स्वतःची चौकशी करून पाहिली. सदरहू इसमास काळ्या टायरांनी का भागत नाही, याचं कचेरीत देण्याजोगं उत्तर त्यांना सुचेना. 'आत्याबाई' असं लिहिता येत नव्हतं. त्यांनी फाईल बांधली आणि 'प्रलंबित' या गठ्ठ्यात ठेवली.

इकडं कोंडीराम स्वस्थ बसला नव्हता. हा हिंमतरावांचा गडी, इंजिनाच्या कामात हुशार आणि बाकी सगळ्या कामांत उत्साही. त्यानं बार्शीहून चार जुने काळे टायर सस्त्यात आणून चढवले. गाडी दगडांवरून खाली उतरली, कोंबडी दुसरीकडं गेली. आता पांढऱ्याचं तेवढं बघायचं, तर त्यात काय आहे, चुना हायच की, असं कोंडीरामचं म्हणणं पडलं. नुसता चुना झडतो म्हणून त्यानं तो भाताच्या पेजेत कालवला, वर मूठभर गूळ टाकला, म्हणजे धरून राहील. संध्याकाळी चारी टायरांवर असा काही पट्टा उठला की तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कोंडीरामच्या पाठीवर थाप मारून ते भूमला परतले.

सकाळी कोंडीराम सायकलवर आला तेव्हा त्याचा चेहराच सांगत होता. गाडी गोठ्यात होती, आणि गोठ्यात वासरं होती. पेज आणि गूळ म्हटल्यावर वासरांनी जे करायचं तेच केलं होतं. चारी टायर चाटूनपुसून असे लख्ख काळे केले होते की बार्शीहून आणताना तेवढे नव्हते.

"वासरं बरी हायेत," कोंडीराम म्हणाला. "जरा तोंड पांढरं झालंय."

मग तेलाचा रंग झाला. तो वासरांनी खाल्ला नाही, पण गाडी गावच्या वेशीपर्यंत गेली आणि टायर दबता-फुगता पट्ट्याचे पोपडे सुटले. वेशीपासून गोठ्यापर्यंत रस्त्यावर पांढऱ्या चकत्या पडत आल्या. भाऊंचं मत पडलं की रंगात डिंक घालायला हवा होता. शाळेच्या हेडमास्तरांचं मत पडलं की टायराला पांढरं कापड गुंडाळून शिवून टाकावं. पोस्टमास्तरांनी विचारलं, की नवरदेवाला पांढरं घोडंच का आणत नाही, त्याचे चारही पाय जन्मतःच पांढरे असतात. तात्या सगळ्यांचं ऐकायचे आणि 'बघू' म्हणायचे. पण आता त्या शब्दात पूर्वीचा जोर राहिला नव्हता. रात्री जेवताना त्यांचा घास हातातच राहायचा.

"राहू द्या ना आता," सरोजिनीबाई एकदा म्हणाल्या. त्या दिवसभर पापड लाटून थकल्या होत्या. "टांगा मिळतोय शांतलिंगाचा. घंटा आहे त्याला."

"टांगाच म्हणाल्या होत्या त्या आत्याबाई," तात्या म्हणाले.

"बाबा, खरंच नकोय मला मोटार," प्रमोदिनी म्हणाली. तिनं हे खाली बघून म्हटलं, आणि त्यामुळं तात्यांना दुसऱ्या दिवशी सोलापूरला जाणं भाग पडलं.

सोलापूरला निघताना भाऊंनी बजावलं की बार्शीच्या अलीकडं करोडगिरीचा नाका आहे, तिथं मालावर जकात बसेल. तो नाका निजामाबरोबर गेला होता, पण भाऊंच्या मनात तो अजून चालू होता. तात्यांनी वाद घातला नाही. फक्त टायर झाकून आणायला म्हणून बायकोचं एक जुनं लुगडं पिशवीत घातलं.

हणमंतप्पांचं टायरचं दुकान शोधायला दुपार झाली. भस्म लावलेला, शांत गृहस्थ. त्यांनी तात्यांना बसवलं, चहा मागवला, मग आतून एक टायर लोटत आणला. तो आला आणि दुकानात उजेड पडल्यासारखं झालं. तोच पट्टा, बोटभर रुंद, पांढराशुभ्र. टायर खराब होऊ नये म्हणून तात्यांनी आधी बोट धोतराला पुसलं आणि मग ते त्याच्यावरून हळूच फिरवलं.

"असे चार आहेत बघा," हणमंतप्पा म्हणाले. "पण साहेब, हे श्रीमंताचं काम. याला रोज साबणानं धुवायला एक माणूस ठेवावा लागतो. तुम्हाला काळे दाखवू का?"

तात्यांनी किंमत विचारली. हणमंतप्पांनी सांगितली. तात्यांनी चहा संपवला. चार टायर घेतले तर मुलीच्या लग्नात जेवणावळ घालता येत नव्हती, आणि जेवणावळ घातली तर... पण जेवणावळ तर घालायलाच हवी होती.

"दोन द्या," तात्या म्हणाले.

"मोटारसायकलला हे बसत नाहीत हो."

"मोटारीलाच पाहिजेत."

"मोटारीला चार लागतात," हणमंतप्पा सौम्यपणे म्हणाले.

"माहीत आहे," तात्या म्हणाले. हणमंतप्पांनी त्यांच्याकडं एकवार पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. दोन टायर लुगड्यात बांधायला त्यांनी आपल्या हातानं सुतळी दिली.

बसच्या कंडक्टरला मात्र सगळंच विचारायचं होतं. लुगड्यात काय आहे, टायर असतील तर कुणाचे, मोटार कुठं आहे, मोटार असताना तुम्ही बसनं का चाललात. शेवटी त्यानं सामानाचे दर काढले. त्यात पोतं होतं, ट्रंक होती, कोंबड्यांची पाटी होती, सायकल होती. टायर नव्हता. बसमधल्या लोकांनी आपापली मतं दिली. वाशीच्या एका गृहस्थांनी तोड काढली, की दोन चाकं म्हणजे सायकलच, मधलं सामान नाही एवढंच. त्याप्रमाणं तात्यांनी एका पूर्ण सायकलचं भाडं भरलं. बार्शीला बस बदलताना त्यांनी टायर स्वतः पोटाशी धरून उतरवले. भूमला उतरेपर्यंत त्यांचा कोट काळा झाला होता आणि पट्टे पांढरे राहिले होते. यात त्यांना समाधान वाटलं, आणि तसं वाटलं याचा थोडा थकवाही आला.

आता प्रश्न असा, की दोन पांढरे टायर मोटारीला कुठं लावायचे. यावर तात्यांच्या ओसरीवर सबंध संध्याकाळ गेली. भाऊ म्हणाले, पुढं लावा, कारण माणूस येणाऱ्या मोटारीकडं बघतो, जाणाऱ्या मोटारीकडं कोण बघतंय. सरोजिनीबाई म्हणाल्या, मागं लावा, कारण लोक नावं पाठीमागं ठेवतात. कोंडीरामनं सुचवलं की एक म्होरं डावीकडं घालावा अन् एक मागं उजवीकडं, म्हंजी कुनीकडनंबी बघा, एक दिसतोयच. तात्यांनी सगळ्यांना थांबवलं. हे काम आता त्यांनी कचेरीच्या पद्धतीनं घ्यायचं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते शाळेपासून, म्हणजे जिथं वऱ्हाड उतरायचं होतं तिथून, मारुतीपर्यंत आणि मारुतीपासून घरापर्यंत चालत गेले. रस्त्याच्या उजव्या बाजूला सगळीकडं कचेरीची भिंत, पुढं ओढा, पुढं बाभळी. बघायला माणूसच नाही. डाव्या बाजूला दुकानं, ओटे, शेवटी तात्यांची स्वतःची ओसरी. म्हणजे जो बघणार तो डावीकडून बघणार. दोन्ही पांढरे टायर डाव्या बाजूला लावायचे, एक पुढं, एक मागं. डावीकडून मोटार सबंध पांढऱ्या टायरांची. उजवीकडून बघणार फक्त बाभळी. तात्यांनी हा निर्णय जाहीर केला तेव्हा भाऊसुद्धा गप्प बसले. नोकरीतल्या एवढ्या वर्षांत आपल्याकडून इतकं निर्दोष काम झालेलं नाही असं तात्यांना वाटलं, आणि त्या रात्री ते पहाटेपर्यंत झोपले.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड आलं. आत्याबाई बसमधून उतरल्या त्याच इकडंतिकडं बघत. मानाच्या माणसांना परण्याच्या गर्दीतून चालायला नको, म्हणून तात्यांनी खास व्यवस्था केली होती. मारुतीच्या पारावर कचेरीतली मोठी जाजम अंथरली होती, लोड ठेवले होते, पानाचं तबक ठेवलं होतं. आत्याबाई, आण्णासाहेब आणि वडीलधारी मंडळी आधीच जाऊन त्या पारावर आरामात बसली. इतका मान आत्याबाईंना कुणी दिलेला नव्हता, आणि त्यांनी तसं म्हणूनही दाखवलं. तात्या पाराच्या खाली हात जोडून उभे राहिले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

मोटार आली. कोंडीरामनं तिला तेल लावून पुसलं होतं. आत फेटा बांधून नवरदेव, पुढं बाजा. दुकानांच्या ओट्यांवरचे लोक उठून उभे राहिले आणि डाव्या बाजूला 'पांढरे टायर हायेत, पांढरे टायर' अशी कुजबूज गाडीबरोबर सरकत आली. तात्यांनी ती ऐकली. मोटार मारुतीपाशी आली, आणि नवरदेवानं देवाला प्रदक्षिणा घालायची असते त्याप्रमाणं कोंडीरामनं पाराभोवती वळवली.

आणि तात्यांच्या ध्यानात आलं. प्रदक्षिणेत देव नेहमी उजव्या हाताला असतो. म्हणजे पार उजव्या हाताला. आणि पारावर, देवाच्या शेजारी, जाजमावर, लोडाला टेकून, खास मानानं बसवलेल्या आत्याबाई.

मोटार त्यांच्यापुढून सावकाश गेली. काळा टायर गेला. दुसरा काळा टायर गेला. त्यांच्या घराण्याच्या रीतीनं तीन फेऱ्या घालायच्या होत्या. तात्या पाराच्या कडेला धरून उभे होते. दुसऱ्या फेरीला आत्याबाई पुढं वाकल्या, चष्मा लावला, आणि बाजा नेमका थांबलेला असताना म्हणाल्या,

"हेच का ते? काळेच आहेत की हो."

पारावर कुणी खोकलं. भाऊ गर्दीतून वाट काढत मोटारीपाशी पोचले आणि खिडकीत तोंड घालून म्हणाले, "कोंडीराम, उलटी फिरव." ते पुजाऱ्यानं ऐकलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. लग्नाच्या दिवशी मारुतीला उलटी प्रदक्षिणा, हे त्यानं बापजन्मात ऐकलं नव्हतं. भाऊंनी क्षणभर विचार केला. "मग मागं मागं घे. तोंड तिकडं कर, आणि गाडी मागं मागं इकडून फिरव. प्रदक्षिणा सुलटच होते आणि बाजू बदलते." यात एक अक्षर चूक नव्हतं. भाऊंच्या उभ्या जन्मातला हा सर्वांत अचूक सल्ला असावा.

"मागचा गिअर पडत न्हाय तिचा," कोंडीराम म्हणाला. "जहागीरदाराच्या टायमापासनं पडत न्हाय."

सगळे तात्यांकडं बघत होते. नवरदेव मोटारीतून बघत होता. बाजेवाले बघत होते. तात्यांना 'कळवतो' म्हणता आलं असतं. त्यांना फार दमल्यासारखं झालं होतं. ते सरळ बोलून गेले.

"पांढरे त्या बाजूला आहेत, आत्याबाई. दोनच आहेत. चार परवडले नाहीत मला. लोकांना डावीकडून दिसतील म्हणून डावीकडं लावले. तुम्हाला पारावर बसवलं तेव्हा प्रदक्षिणेचं ध्यानात आलं नाही."

आता आत्याबाई काय बोलतील ते पोरीला जन्मभर ऐकावं लागणार, एवढं एकच तात्यांच्या डोक्यात होतं.

तेवढ्यात आण्णासाहेब उठले. धोतराचा सोगा सावरत ते पाराच्या पायऱ्या उतरले, मोटारीला वळसा घालून पलीकडं गेले आणि तिथं खाली बसले. बराच वेळ ते दिसेनात. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि परत आले.

"सुरेख आहेत," ते म्हणाले. बैठकीपासून त्यांच्या तोंडून 'बरं' खेरीज निघालेला हा पहिला शब्द. "ढोकीकर, लग्न उभयपक्षी खर्चानं ठरलंय ना?"

"होय," तात्या म्हणाले.

"मग बरोबर आहे. चारांतले दोन तुमच्याकडं, दोन आमच्याकडं. तुमचे तुम्ही आणलेत. आमचे राहिले." त्यांनी वर पाराकडं पाहिलं. "अक्का, तुला दिसतायत ते आपले."

आत्याबाईंनी तोंड उघडलं. त्यात काय येणार होतं ते कुणाला कधी कळलं नाही, कारण त्यांनी ते परत मिटलं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, आणि बाजेवाल्यांकडं वळून म्हणाल्या, "थांबलात कशाला रे? एक फेरी राहिलीय अजून."

बाजा सुरू झाला. मोटार तिसऱ्या फेरीला निघाली. तात्या मधल्या बोळातून घरी आले, कारण मोटार यायच्या आधी दारात असायला हवं होतं. आत प्रमोदिनी अष्टपुत्री नेसून, मुंडावळ्या बांधून पाटावर बसली होती. त्यांचा चेहरा बघून ती घाबरली.

"बाबा, टायरचं विचारलं का त्यांनी?"

"विचारलं."

"मग?"

तात्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, मुंडावळ्या चुरगळल्या, परत सरळ केल्या.

"माणसं चांगली आहेत गं," ते म्हणाले. एवढं म्हणाले आणि तिच्याशेजारी जमिनीवरच बसले, जसं बऱ्याच दिवसांत बसले नव्हते. बाहेर हॉर्न वाजला. सरोजिनीबाई आरतीचं ताट घेऊन लगबगीनं गेल्या. मोटार दारासमोर येऊन डाव्या अंगानं उभी राहिली असणार, ठरल्याप्रमाणं. ते बघायला तात्या उठले नाहीत.